मदत हवी आहे: जुन्या मळणी मशीनची पुली आणि पट्टा

मंडळी, आमच्याकडं आजोबांच्या काळातलं लिस्टर टाईप डिझेल इंजिन आहे, ६ एचपी, ६५० आरपीएम, जड चाकांचं. मालदांडी ज्वारीची रास त्यावरच व्हायची, डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडायचा) खटका उचलून हँडल मारायचं, चाकांनी वेग धरला की खटका सोडायचा आणि मग ते ठक ठक अख्ख्या शिवारात ऐकू जायचं, कणसं टाकणाऱ्यांच्या अंगाला कूस लागून रात्रभर खाज सुटायची पण मळणी थांबवा असं कोणी म्हणायचं नाही. काय दिवस होते!

आता इंजिन मस्त सुरू झालंय, पाणीपण नीट फिरतंय, अडलंय ते मशीनपाशी. कॅनव्हासचा सपाट पट्टा पार कुजलाय आणि मळणीच्या ड्रमची (कणसं झोडणाऱ्या फिरत्या भागाची) पुली गायब आहे. इंजिनाला १२ इंची पुली आहे, ड्रमला ६ इंची बसवली तर १३०० आरपीएम होतात, एवढ्यानं ज्वारीचा दाणा फुटेल ना? १० इंची बरी पडेल का? आणि पट्टा तिढा देऊन आठाच्या आकारात टाकायचे तसाच टाकू की सरळ?

सोलापूर-बार्शीकडं असा पट्टा अजून कुठं मिळत असेल तर प्लीज सांगा, काढणी तोंडावर आलीय आणि वडिलांना एकदा तरी मशीन चालू करून दाखवायचंय.