"तू नुसते ओठ हलव": बोललेलं टोचत राहतं, की आपणच टोचून घेतो?

बाणेरकर (धागाकर्ता): काल सोसायटीच्या गणपतीत लेकीने विचारलं, "बाबा, तुम्हाला आरती पाठ नाही का? नुसत्या टाळ्याच वाजवता." पाठ आहे हो, 'घालीन लोटांगण'सकट सगळ्या. पण पाचवीत समूहगीताची तालीम चालू असताना बाई माझ्यापाशी येऊन वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव हं, बाळा." ओरडल्या नाहीत. चक्क 'बाळा' म्हणाल्या. 31 वर्षं झाली, मी अजून ओठच हलवतोय. त्याच वर्षी हस्तकलेच्या सरांनी माझा आकाशकंदील वर्गात टांगला होता. ते काय म्हणाले, काही केल्या आठवत नाही. हातावरची पट्टी विसरलो, हे वाक्य नाही. मोठ्यांनी पोरांशी जरा जपून बोलावं, एवढंच म्हणणं.

पेठकर: राग मानू नका, पण हे अति होतंय. आमच्या तबल्याच्या गुरुजींनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, "हा 'ना' नव्हे, हा पत्र्याचा डबा." चार वर्षांनी एकदा म्हणाले, "आता बरं." त्या 'बरं'वर मी आजही खूश आहे. हल्ली क्लासला पहिल्याच दिवशी 'वॉव' मिळतं, त्याला काय किंमत? मित्राच्या वरातीत जोतीरावांचा जातीवरून अपमान झाला, तो 1848 साली. त्याच साली भिडे वाड्यात मुलींची शाळा उभी राहिली. तुम्ही निदान बाथरूममध्ये तरी गायचं!

कोथरूडची मावशी: जोतीराव एक. तसंच ऐकून मान खाली घालून घरी गेलेले किती, त्यांची नोंद कोणी ठेवली? आणि 2003 चा तो प्रयोग वाचा. कॉम्प्युटरवरच्या चेंडूच्या खेळात बाकीच्यांनी एकाला चेंडू देणं बंद केलं, तर त्याच्या मेंदूत शारीरिक वेदनेशी संबंधित भाग जागा झाला. दुखतं म्हणजे खरंच दुखतं.

पेठकर: मावशी, त्या प्रयोगात कोणी अवाक्षरही बोललं नव्हतं. वगळलं होतं. तो तुमचा पुरावा नाही, माझा आहे! दोष शब्दांचा नाहीच.

बाणेरकर: मग मलाही वगळलंच होतं की, फक्त तोंडाने. तुमच्या गुरुजींनी डबा म्हटलं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर बसवलं ना? मला कोणी 'उद्या परत म्हणून दाखव' म्हटलं नाही. शिव्या चालल्या असत्या.

पेठकर: हं. हे मान्य. बाथरूमचं मागे घेत नाही.

आळंदीकर: लोकांच्या बोलण्याने दुखावून खुद्द ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले, असं परंपरा सांगते. मुक्ताबाईने बाहेरून समजावलं तेव्हा ताटी उघडली. तीही बोलूनच. शिवाय ती धाकटी बहीण, हे विसरू नका. आपल्याकडे धाकट्यांना बोलू कोण देतं?

निवृत्त बाई: मी 28 वर्षं प्राथमिकला होते. चाळीस मुलं, एक माइक, पुढच्या रांगेत संस्थेचे पदाधिकारी, आणि एखादा मुलगा अगदी मनापासून भलत्या पट्टीत. 'ओठ हलव' मीही म्हटलेलं आहे. एकदा नाही. कोणाला म्हटलं, त्यातलं एकही नाव आठवत नाही. तेव्हा वाटायचं, मागे उभं करण्यापेक्षा हे बरं, पोरगं निदान स्टेजवर तरी राहतं. धागा वाचून दुपारी जेवण गेलं नाही. तुमच्या बाई मी नसेन, पण विचारते. कुठे उभे होतात?

बाणेरकर: दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरा. बाई, तुम्ही जेवून घ्या. तुम्हाला बोलायचं नव्हतं.

कोथरूडची मावशी: आणि लेकीला काय उत्तर दिलंत?

बाणेरकर: घसा बसलाय म्हणालो.

पेठकर: 31 वर्षं? उद्या आमच्या वाड्यातल्या आरतीला या, लेकीला घेऊन. आमच्यात एकही माणूस सुरात नाही आणि कोणाला त्याची लाजही नाही. तबला मी वाजवतो, म्हणजे डबाच.

बाणेरकर: किती वाजता?

पेठकर: साडेसात. म्हणजे साडेसातच.