नक्षीदार जाड स्लॅब सेरिफ: आतली रेघ प्रिंटमध्ये बुजते, काय करू?

कोरा_कागद:
जुन्या सर्कसच्या जाहिरातींसारखं ए३ पोस्टर करतेय. एक जाड स्लॅब सेरिफ (अक्षरांच्या टोकांना जाड चौकोनी पाय असलेला फॉन्ट) घेतलाय, अक्षरांच्या पोटात बारीक पांढरी रेघ आणि उजवीकडे सावली आहे. स्क्रीनवर इतका देखणा दिसतो की नावाबरोबर खालच्या दोन ओळीही त्यातच लावल्या, २४ पॉइंटला. टेस्ट प्रिंट काढली तर नाव मस्त आलं पण खालच्या ओळींतली रेघ शाईने भरून गेली, नुसते काळे ठोकळे दिसतायत. शिवाय एल आणि ए शेजारी आले की वर भगदाड आणि खाली पाय एकमेकांना चिकटलेले. फॉन्टच बदलू का?

शाई_आणि_साचा:
फॉन्ट बदलू नकोस, त्या दोन ओळी बदल. हिशोब करून बघ, रेघ एमच्या, म्हणजे फॉन्टच्या साइजच्या, ५० व्या भागाएवढी धरली तर २४ पॉइंटला ती जेमतेम ०.१७ मिमी होते आणि शाई जरा पसरली की गेली, तीच १५० पॉइंटला १ मिमीच्या वर जाते. ही अक्षरं लांबून वाचायलाच जन्मली. पोस्टरच्या साइजचे शिशाचे खिळे (छपाईचे अक्षरांचे ठसे) फार जड व्हायचे म्हणून लाकडाचे आले, १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी ते कापायचं यंत्र बनवलं आणि मग एवढ्या मोठ्या अक्षरात नक्षीला जागाच जागा मिळाली. खालच्या ओळींना साधा क्लॅरेंडन फॉन्ट लाव. १८४५ चा आहे, त्याच घराण्यातला, जाड पण पोटात रेघ नसलेला, छोट्या साइजलाही नीट वाचता येतो.

दोन_रंगी:
वरच्याशी सहमत. नाव दोन रंगांत करायचं असेल तर रोजवूड फॉन्ट बघ, अडोबीचा १९९४ चा. तो विल्यम पेज यांच्या १८७४ च्या लाकडी टाइपवरून काढलाय, ती अक्षरं मुळात दोन रंगांसाठीच कापलेली, एकेका रंगाचा वेगळा ठोकळा. त्यात फिल नावाचा वेगळा फॉन्ट मिळतो, तो खालच्या लेयरला तंतोतंत त्याच जागी ठेवायचा आणि वर नक्षीचा. फक्त कॅपिटल आहेत हे आधीच सांगतो. कर्निंग (शेजारच्या दोन अक्षरांमधलं अंतर) बदललंस तर दोन्ही लेयरला एकदमच बदल, नाहीतर रंग अक्षराबाहेर डोकावतो.

शाई_आणि_साचा:
हो, आणि एल-एचं राहिलंच. स्लॅबचे पाय आडवे आल्यामुळे ती जोडी आणखी जवळ घेता येतच नाही. म्हणून ती जरा सोडव आणि बाकीच्या अक्षरांमधली जागा तिच्या बेताने वाढव. सगळ्या शब्दाला थोडा श्वास मिळाला की ते भगदाड टोचत नाही.

कोरा_कागद:
आत्ता करून बघितलं!! खाली क्लॅरेंडन लावल्याबरोबर नाव एकदम उठून आलं, मघाशी सगळंच ओरडत होतं. एल-ए पण सुटलं, शब्द लांबला म्हणून साइज १६० वरून १४८ वर आणावी लागली तरी रेघ स्वच्छ येतेय. आता नाव रोजवूडमध्ये लावून फिल लेयर विटकरी रंगात करून दुसरी प्रिंट काढते.