आजोबांच्या होडीची प्रतिकृती जुनी दिसत नाही, वेदरिंगमध्ये (जुनेपणा आणायच्या रंगकामात) काय चुकतंय?

खाडीकाठची (ठाणे पूर्व)

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल.

माझं आजोळ चेंदणी कोळीवाड्यातलं. आजोबांची १८ फुटी लाकडी होडी होती, वल्ह्यांची. इंजिन त्यांनी कधी बसवलं नाही. खाडीत पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकायचे. बोयटं, चिंबोऱ्या, निवट्या घेऊन यायचे. मी सहा-सात वर्षांची असताना होडी मोडीत काढली आणि तिच्या फळ्या पाणी तापवायच्या बंबात गेल्या. आता उरलाय तो एकच कृष्णधवल फोटो. ओहोटी लागलीय, होडी गाळावर एका कुशीवर कलंडलीय आणि आजोबा मागे जाळं झटकताहेत.

तेवढाच क्षण मला डायोरामात (छोट्या प्रतिकृतींच्या देखाव्यात) उभा करायचाय. आजोबा ८२ वर्षांचे आहेत, त्यांच्यासमोर पुरा व्हावा अशी फार इच्छा आहे.

प्रमाण १:२४ घेतलं, म्हणजे होडी साधारण २३ सेंटिमीटर. सांगाडा ३ मिमी प्लायचा, फळ्या आइस्क्रीमच्या काड्यांच्या, रंग ॲक्रिलिक. बाहेरून निळा, कारण निळी होती हे आईला पक्कं आठवतंय. तळापासून अर्ध्या उंचीपर्यंत शेवाळी हिरवा पट्टा दिला, प्रत्येक खिळ्याखाली गंजाचा नारिंगी ओघळ काढला आणि शेवटी काळपट तपकिरी रंग पातळ करून सगळीकडून फिरवला. व्हिडिओंमध्ये असंच करतात.

रविवारी आजोबांच्या हातात दिली. त्यांनी खूप वेळ उलटसुलट करून पाहिली, नाळेवरून (होडीच्या पुढच्या टोकावरून) बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही होरी पान्यान गेलीच नाय. कोनी चिखल फासलाय तिला."

त्यांचं बरोबर आहे, मलाही ते दिसतंय. पण नेमकं काय बदलायचं ते विचारलं की ते म्हणतात, "अशी नसते." कशी असते हे शब्दांत सांगणं त्यांना जमत नाही आणि मला कळत नाही.

आणखी दोन गोष्टी. गाळासाठी मीठबंदरावरून खरा चिखल आणला तर चालेल का? आणि मॅट व्हार्निशचा स्प्रे मारला तर एका बाजूला पांढरट साय धरली. ती निघेल का?

सुतारपक्षी (कळवा)

ताई, होडी छान बांधलीत. नाळेची वळणं तुमच्या प्रतिकृतीच्या फोटोत सुरेख दिसताहेत. मी ३१ वर्षं कारखान्यात पॅटर्नमेकर (ओतकामाचे लाकडी नमुने करणारा) होतो, लाकडाशीच संसार. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठी चूक हिरव्या पट्ट्याची. भरतीबरोबर होडी वर जाते आणि ओहोटीबरोबर खाली येते, त्यामुळे तिच्या अंगावरची पाण्याची रेघ कायम एकाच जागी राहते. १८ फुटी रिकामी होडी पाण्यात जेमतेम वीतभर बुडते, माल आणि माणूस धरून आणखी दोन-चार बोटं. १:२४ ला वीत म्हणजे एक सेंटिमीटरही नाही! तुम्ही अर्धी होडी हिरवी केलीत, म्हणजे ती बुडालेली होडी झाली. आजोबांच्या डोळ्यांना तेच खुपलं असणार. उंच पट्टा शोभतो तो धक्क्याच्या दगडांना आणि रोवलेल्या खुंटांना, कारण ते जागचे हलत नाहीत. मोठ्या उधाणाला आपल्याकडे भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. तुमच्या प्रमाणात ते १७ सेंटिमीटर. डायोरामात खुंट असेल तर तो टोकापर्यंत ओला आणि काळा ठेवा, होडीला मात्र सेंटिमीटरभर रेघ पुरे.

दुसरं, खिळे. लोखंडाचा नारिंगी ओघळ पत्र्यावर शोभतो. सागासारख्या लाकडात टॅनिन (तुरट द्रव्य) असतं, त्याची लोखंडाशी गाठ पडली की निळसर काळा डाग पडतो. जुन्या खिडकीच्या चौकटीत खिळ्याभोवती बघा, काळं वर्तुळ असतं आणि नारिंगी फक्त खिळ्याच्या डोक्यावर टिंबाएवढं. हा डाग रंगाने काढू नका, खराच पाडा. भांडी घासायची लोखंडी तार (स्टेनलेसची नको, ती विरघळत नाही) व्हिनेगरमध्ये दोन-तीन दिवस बुडवून ठेवा. झाकण सैल असू द्या, आत वायू होतो. आइस्क्रीमच्या काडीत टॅनिन फारसं नसतं, म्हणून आधी कडक कोऱ्या चहाचा हात द्या, वाळू द्या, मग सुईच्या टोकाने त्या तारेच्या व्हिनेगरचा थेंब प्रत्येक खिळ्याच्या जागी ठेवा. बघता बघता काळं होतं. कोऱ्या लाकडावरच होतं मात्र, रंगावर नाही. म्हणजे रंग खरवडून काढावा लागेल. मला माहीत आहे हे ऐकायला नको वाटतं, पण काढाच.

मग रंग. लाकडी होडीला दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी हात मारतात, जुना रंग पूर्ण न काढता. म्हणून निळ्याचा पोपडा उडाला की खाली गेल्या सालांचा दुसरा रंग दिसतो आणि त्याच्या खाली राखाडी लाकूड. आधी लाकूड राखाडी करा, वर व्हार्निश, ते वाळलं की केसांना मारायचा हेअरस्प्रे, त्यावर जुना रंग. पुन्हा हेअरस्प्रे, मग निळा. पंधरा-वीस मिनिटांनी, रंग कडक व्हायच्या आत, ओल्या ब्रशने घासा. पोपडे सुटतात. कुठे सुटू द्यायचे ते मात्र आजोबांना विचारा: जाळं कुठल्या काठावरून ओढायचे, वल्हं कुठे घासायचं, दोर कुठे बांधायचे. "कशी दिसायची" विचारू नका. "तुम्ही काय करायचात" ते विचारा.

आतल्या बाजूला राखाडी रंग सगळीकडे देऊ नका. लाकूड राखाडी होतं ते उन्हाने. बसायच्या फळीखाली ऊन पोचत नाही, तिथे ते तपकिरीच राहतं. आणि जिथे माणूस वर्षानुवर्षं बसला तिथे गुळगुळीत, किंचित चकचकीत.

आइस्क्रीमची काडी २ मिमी जाड, तुमच्या प्रमाणात ती जवळपास दोन इंची फळी होते. एवढ्या होडीला इंचभर पुष्कळ झाली. सगळं तोडू नका, वरच्या काठाची दिसणारी कड तेवढी घासून निम्मी करा.

तिवरवाट (ऐरोली)

चिखलाचं मी सांगते, इथे खाडीवर पक्षी बघायला नेहमी जाते.

खरा गाळ आणू नका. त्यात मीठ असतं. वाळल्यावर आणि पुढे प्रत्येक पावसाळ्यात वर पांढरी बुरशीसारखी पूड येत राहील. शिवाय ठाणे खाडीत २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये तिला रामसरचा (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जाही मिळाला. तिथलं मूठभरसुद्धा उचलू नये असं मला मनापासून वाटतं. कुंडीतली माती चाळून घ्या, तेवढंच पीओपी आणि पाण्यात पातळ केलेलं फेव्हिकॉल. मस्त बसतं.

रंगाबद्दल मात्र नीट बघा. आपल्या खाडीचा गाळ वरून फिकट राखाडी तपकिरी असतो आणि बोटभर खाली काळा कुळकुळीत. आत हवा पोचत नाही, तिथे लोखंड आणि गंधक मिळून काळं होतं, वरच्या थराला हवा लागते म्हणून तो तपकिरी. म्हणजे आजोबांच्या पावलांचे खड्डे आतून काळे हवेत. होडी ओढत आणल्याची चरही काळी. चिंबोरीच्या बिळाबाहेरची माती काळी. एवढ्या तीन गोष्टी केल्यात तर गाळ जिवंत होतो!

होडी गाळावर ठेवलेली दिसू नये, रुतलेली दिसावी. मिश्रण ओलं असताना होडी स्वयंपाकघरातल्या पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यात दाबा आणि वाळल्यावर काढा. साचा तयार. ज्या कुशीवर ती कलंडते तिकडेच चिखल जास्त, दुसरी बाजू बरीच स्वच्छ.

काठाला तिवरं (खारफुटीची झाडं) करणार असाल तर त्यांची जमिनीतून वर येणारी मुळं विसरू नका. खरी वीतभर किंवा त्याहून कमी असतात, तुमच्याकडे ४ ते ८ मिमी. लादी घासायच्या ब्रशचे केस कापून लावा, शेकड्यांनी लागतील.

सुतारपक्षी (कळवा)

पांढऱ्या सायीचं राहिलं. दमट हवेत स्प्रे मारला की त्यात बाष्प अडकतं. पाऊस थांबून ऊन पडेल त्या दुपारी, पंख्याखाली तासभर ठेवून, त्याच व्हार्निशचा अगदी हलका हात पुन्हा द्या. बहुतेक वेळा साय विरते.

खाडीकाठची (ठाणे पूर्व)

दोघांचे खूप आभार. रंग खरवडला. दोन संध्याकाळी गेल्या, पण केलं.

काल वही घेऊन आजोबांपाशी बसले आणि काकांनी सांगितलं तसंच विचारलं. तासभर बोलले! जाळं नेहमी उजव्या काठावरून ओढायचे, तिथे काठाला दोन बोटांची खोलगट झीज होती. डाव्या बाजूला नाळेजवळ एक फळी नवी होती, मुंब्र्याच्या बाजूला कातळावर आपटल्यावर बदललेली, तिचा रंग उरलेल्या होडीशी कधीच जुळला नाही. हे आईलासुद्धा ठाऊक नव्हतं. आता ती एक फळी मी वेगळ्या निळ्यात रंगवणार आहे.

आणि त्यांनी मलाच विचारलं, पाणी उपसायचा डबा कुठाय? डालड्याचा किलोचा डबा तिरका कापलेला, कायम मागच्या फळीखाली असायचा. हिशेब केला तर ५ मिमी येतो. कशाचा करू?

सुतारपक्षी (कळवा)

छोट्या मेणबत्तीची ॲल्युमिनियमची वाटी असते ना, तिचा पत्रा कात्रीने कापा, ५ मिमी जाडीच्या ब्रशच्या दांड्यावर गुंडाळा, जोडाला फेव्हिक्विकचा थेंब. बाहेरून पिवळा द्या आणि बहुतेक खरवडून टाका. आत थोडं पाणी राहू द्या, दोन थेंब ग्लॉस व्हार्निश.