‘१५ तारखेपर्यंत’ : बाय की टिल?

विचारणा (शहापूर, बेळगाव)

आमच्या भागातील एका पतसंस्थेच्या सूचना मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत फलकावर लागतात आणि त्यांतील इंग्रजी मजकूर लिहून देण्याचे काम माझ्याकडे असते. गेल्या वर्षी मूळ मराठी सूचना अशी होती : ‘सभासदांना लाभांश १५ ऑक्टोबरपर्यंत मिळेल.’ मी इंग्रजीत ‘टिल फिफ्टीन्थ ऑक्टोबर’ असे लिहिले. १५ तारीख उलटण्याआधी रक्कम खात्यांवर जमा होणार, एवढेच संचालकांना सांगायचे होते. परंतु इंग्रजी सूचना वाचणाऱ्या काही सभासदांनी ‘१५ तारखेनंतर लाभांश मिळणारच नाही’ असा अर्थ घेतला आणि दुसऱ्याच दिवशी खिडकीपाशी रांग लावली. येथे ‘बाय’ हवे होते, असे मला नंतर सांगण्यात आले. मग ‘अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत मिळतील’ या वाक्यातही ‘बाय’च घालायचे का? दोन्ही वाक्यांत ‘पर्यंत’ आहे, ‘मिळणे’ हे क्रियापदही तेच आहे; मग निवड कशावरून करावी?

उत्तर (खानापूर)

आपण दिलेली दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवली की अडचण इंग्रजीची नसून आपल्या ‘पर्यंत’ची आहे, हे लक्षात येते. एखादी क्रिया अमुक क्षणापर्यंत चालू राहणे आणि एखादी क्रिया अमुक क्षण उलटण्याआधी एकदाच घडून जाणे, या दोन्ही गोष्टी मराठी ‘पर्यंत’ या एकाच शब्दयोगी अव्ययावर सोपवते व उरलेला अर्थ वाचणाऱ्याने प्रसंगावरून लावावा, असे गृहीत धरते. लाभांश एकदाच मिळतो, म्हणून तेथे ‘बाय’. अर्जाचे कोरे नमुने रोज खिडकीवर मिळत राहतात व १५ तारखेनंतर ते देणे थांबते, म्हणून तेथे ‘टिल’ किंवा ‘अनटिल’.

वर्गात मी यासाठी इंग्रजी नियम सांगत नसे. मराठी वाक्यच फिरवून पाहायला सांगत असे. ‘१५ तारखेपर्यंत मिळेल’ याचे ‘१५ तारखेच्या आत मिळेल’ असे रूप केल्यावर अर्थ टिकला, तर ‘बाय’. ‘१५ तारखेपर्यंत मिळत राहील’ असे रूप केल्यावर टिकला, तर ‘टिल’. ‘दुकान सोमवारपर्यंत बंद आहे’ हे ‘सोमवारच्या आत बंद आहे’ असे म्हणता येत नाही, म्हणून तेथे ‘बाय’ला जागाच नाही. ही युक्ती पारखण्यापुरतीच आहे. ‘च्या आत’ म्हटले की खुद्द १५ तारीख धरायची की नाही, अशी नवी शंका निघते, म्हणून प्रत्यक्ष सूचनेत ती रचना टाळलेली बरी.

नकारार्थी वाक्यांत मात्र जपावे. ‘सोमवारपर्यंत काम होणार नाही’ याची इंग्रजीत दोन वाक्ये होतात. ‘नॉट अनटिल मंडे’ म्हटले, तर सोमवार उजाडला की काम होईल, असे आश्वासन त्यात आपोआप येते. ‘नॉट बाय मंडे’ म्हटले, तर सोमवार आला तरी काम अपुरेच असेल, एवढेच कळते. मराठीत हा दुसरा अर्थ ‘सोमवारपर्यंतही होणार नाही’ असा एक ‘ही’ जोडून दाखवता येतो. पण घाईत लिहिताना तो ‘ही’ आपण गाळतो आणि ठेकेदाराशी वाद होतात ते नेमके अशा ठिकाणी.

पुरवणी (चिक्कोडी)

कन्नडच्या बाजूने एक भर घालतो, कारण आपल्याकडील सूचना पुष्कळदा कन्नडमधूनच पुढे इंग्रजीत जातात. कन्नडमधील ‘वरेगे’ हा प्रत्यय आपल्या ‘पर्यंत’सारखाच दोन्हीकडे चालतो, मात्र मुदत सांगताना कन्नड लिहिणारा सहजपणे ‘ओळगे’ वापरतो. ‘सोमवारदोळगे’ म्हणजे शब्दशः सोमवारच्या आत, आणि ‘सोमवारदवरेगे’ म्हणजे सोमवारपर्यंत. म्हणून आपल्या फलकावरील कन्नड मजकुरात तारखेला किंवा वाराला ‘ओळगे’ लावलेले असेल, तर इंग्रजीत डोळे मिटून ‘बाय’ लिहावे. ‘वरेगे’ असेल, तर मात्र खानापूरच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे वाक्य फिरवून पाहावे लागेल.

‘पासून’च्या बाबतीत कन्नडही आपल्याला वाचवत नाही. ‘दहा वर्षांपासून’ आणि ‘हत्तु वर्षदिंद’ ही दोन्ही रूपे इंग्रजीत ‘फॉर टेन इयर्स’ऐवजी ‘सिन्स टेन इयर्स’ होऊन बसतात, आणि बेळगावात मराठी माध्यमाचा व कन्नड माध्यमाचा विद्यार्थी एकच चूक एकाच सुरात करताना आढळतो. सीमाप्रश्नावर न झालेले एकमत निदान येथे झालेले आहे.

विचारणा (निपाणी)

‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांच्यासाठीही वाक्य फिरवण्याची अशी एखादी युक्ती आहे का? मुलगी यंदा एसएसएलसीला (दहावीला) आहे आणि ‘सिन्स म्हणजे काळाचा बिंदू, फॉर म्हणजे काळाची लांबी’ हे तिला तोंडपाठ असूनही लिहिताना चुकते.

उत्तर (खानापूर)

आहे, आणि ती ‘पर्यंत’च्या युक्तीपेक्षा अधिक भरवशाची आहे. मराठीत ‘गेली’ लावून काळ सांगण्याची एक जुनी, सुंदर रचना आहे, तिच्यात प्रत्यय लागतच नाही : ‘गेली दहा वर्षे मी निपाणीत राहतो.’ मुलीला सांगा की ‘पासून’ काढून ‘गेली’ लावता आले, तर ‘फॉर’. ‘दहा वर्षांपासून’चे ‘गेली दहा वर्षे’ होते, ‘तीन महिन्यांपासून’चे ‘गेले तीन महिने’ होते. परंतु ‘२०१४ पासून’चे ‘गेली २०१४’ होत नाही आणि ‘लहानपणापासून’चे ‘गेले लहानपण’ केले तर अर्थ भलताच होतो, तेथे ‘सिन्स’. बिंदू व लांबी यांची व्याख्या आठवण्यापेक्षा स्वतःच्या भाषेचा कान वापरणे मुलांना सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

‘पूर्वी’चेही तसेच आहे, पण ते थोडक्यात सांगतो. ‘दिवाळीपूर्वी’ म्हणजे ‘बिफोर दिवाळी’, कारण दिवाळी ही घटना आहे. ‘दोन दिवसांपूर्वी’ म्हणजे ‘टू डेज अगो’, कारण ते आजपासून मागे मोजलेले अंतर आहे. ‘बिफोर टू डेज’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. ते ‘पूर्वी’चे सरळ भाषांतर आहे.

प्रतिक्रिया (टिळकवाडी, बेळगाव)

अ‍ॅट, ऑन आणि इन यांचाही उल्लेख व्हावा. शाळेत आम्हाला ‘लहान काळाला अ‍ॅट, दिवसाला ऑन, मोठ्या काळाला इन’ अशी चढती पायरी शिकवली होती. ती बऱ्याच अंशी खरीही आहे आणि आपल्या विभक्तीशी तिचा मेळ नवल वाटावा इतका बसतो. ‘डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले’ यातील ‘मध्ये’ म्हणजे इन. ‘१ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले’ यातील ‘रोजी’ म्हणजे ऑन. ‘पाच वाजता’ म्हणजे अ‍ॅट. ‘रोजी’ हा तर कागदोपत्री मराठीतील बिनचूक ऑन आहे : तो तारीख किंवा वार यांखेरीज सहसा कशालाही लागत नाही, आणि ‘१९५६ रोजी’ असे कोणी लिहिले, तर आपल्यालाही लगेच खटकते.

पायरी मोडते ती सकाळ-संध्याकाळपाशी. सकाळला इन, पण ती सोमवारची सकाळ असली की ऑन, कारण वार आला की वाराचे चालते. रात्र सकाळहून लहान नाही, तरीही ‘रात्री’ या सर्वसाधारण अर्थी अ‍ॅट येते. ‘इन द नाइट’ हे एखाद्या विशिष्ट रात्री मध्येच काही घडले, तर म्हणतात. मराठीत सकाळी, रात्री, सोमवारी ही तिन्ही रूपे एकाच ‘ई’ने होतात, त्यामुळे येथे आपली विभक्ती काही सुचवत नाही, एवढे पाठच करावे लागते.

विचारणा (शहापूर, बेळगाव)

सर्वांचा आभारी आहे. एक शेवटची शंका. यंदाच्या सूचनेत ‘रक्कम दोन दिवसांत जमा होईल’ असेही वाक्य आहे. ‘इन टू डेज’ लिहावे की ‘आफ्टर टू डेज’?

उत्तर (खानापूर)

मराठीत ‘दोन दिवसांत’ आणि ‘दोन दिवसांनी’ यांच्यात जो भेद एका अक्षराने होतो, तो इंग्रजीतील ‘इन’मध्ये पुसला जातो. ‘तिने दोन दिवसांत शिवण पूर्ण केले’ येथेही इन आणि ‘ती दोन दिवसांनी परत येईल’ येथेही इनच. आजपासून पुढचा काळ मोजताना स्वाभाविक इंग्रजीत ‘आफ्टर’ सहसा येत नाही. ते एखाद्या दुसऱ्या घटनेनंतरचा काळ सांगताना येते. आपल्याला मुदतीची हमी द्यायची असेल, तर ‘विदिन टू डेज’ लिहावे. ‘इन’ लिहिल्यास सभासद परवा येऊन विचारतील आणि त्यात त्यांची चूक नसेल.

लाभांशाच्या वाक्यात मी ‘बाय’ऐवजी ‘ऑन ऑर बिफोर फिफ्टीन्थ ऑक्टोबर’ सुचवीन. ते कचेरीतले रूक्ष इंग्रजी आहे, हे खरे. पण १५ तारीख धरली की वगळली, ही शंका त्यात उरत नाही. अर्जांच्या वाक्यात ‘अप टु अँड इन्क्लूडिंग’ घालावे. आणि मराठी मजकूरही जाता जाता सुधारावा : ‘लाभांश १५ ऑक्टोबर रोजी किंवा त्यापूर्वी खात्यावर जमा होईल’, ‘अर्ज १५ ऑक्टोबर धरून रोज मिळतील’. मग रांग लागलीच, तर ती अर्जांसाठी लागेल.