बुजलेल्या विहिरीवर मोट वाजते, तर वाजू द्यावी का?

उदगिरी
माझी एक कथा मासिकाकडून परत आली. थोडक्यात सांगतो. ६०० फुटांवर बोअर कोरडा गेलाय. त्याच रानातली जुनी विहीर कधीच बुजवलेली. पण रोज पहाटे तिथून मोटेच्या चाकाची करकर ऐकू येते, आणि उजाडल्यावर, मोटेचं पाणी पडायचं त्या थारोळ्याच्या जागी वीतभर ओल असते. घरात कुणी घाबरत नाही. सून त्या ओलीवर धणे टाकते, कोथिंबीर होईल म्हणून.
संपादकांनी लिहिलंय, हा भास आहे की स्वप्न ते वाचकाला कळू द्या. मला वाटतं, कळू द्यायचंच नाही. सून धणे टाकते, विषय संपला. अद्भुत काही घडलं की पात्रांनी डोळे फाडून बघायलाच पाहिजे का?

कोरडवाहू
संपादकाचं बरोबर हाय. राग मानू नका, पण बोअर कोरडा गेल्यावर माणसाला काय ऐकू येतंय ठावं हाय का? बोअरगाडीवाल्याचा फोन. राहिलेले पैसे कवा देता म्हणून. तुमच्या मोटेच्या आवाजात तो फोन दबून गेलाय.
एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. तवाबी शिकलेले लोक म्हणायले होते, बघा, कादंबरीत शोभावं असं घडलं. काय शोभावं? मांजरा धरण आटलं होतं आन् पट्ट्यात ऊस उभा होता. ती काय जादू नव्हती, पाण्याचा हिशेब होता. आधीच हिशेब कुणी विचारत नाही, त्यात लेखकानं आणखी धूर करू नये.

गोदाकाठ
मग पैठणच्या गुणाढ्याला काय म्हणायचं? आख्यायिका अशी की त्यानं पैशाची नावाच्या प्राकृत भाषेत सात लाख श्लोकांची कथा लिहिली आणि सातवाहन राजानं ती झिडकारली. हा रानात बसून एकेक पान जनावरांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. जनावरं चारा सोडून ऐकत बसली. राजाला हे कळलं कसं? मुदपाकखान्यात येणारं मांस वाळकं निघायला लागलं म्हणून! राजा आजारी पडला, चौकशी झाली, तेव्हा तो रानात धावला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. अद्भुताचा पत्ता लागला तो ताटातल्या मांसावरून. कोरडवाहूभाऊ, हाही हिशेबच की.

बिलोलीची लेक
इथं सगळे गोष्टीच्या बाजूनं किंवा कर्जाच्या बाजूनं बोलताहेत. मी तिसरंच सांगते. आमच्या गल्लीत एका घरात दांडीवरचे कपडे आपोआप पेटायचे. आमच्याकडच्या माणसाला भानामती हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. त्या घरात कुणी डोळे फाडले नाहीत, अगदी तुमच्या कथेतल्यासारखं. शांतपणे मान्य केलं, आणि तेवढ्याच शांतपणे शेजारच्या विधवा मावशीचं नाव घेतलं. मावशीला गाव सोडावं लागलं. जादूटोणाविरोधी कायदा झाला २०१३ साली, मावशी त्याच्या कितीतरी आधी गेल्या. 'कुणी घाबरत नाही' हे वाक्य शहरातल्या वाचकाला गोड लागतं. मला लागत नाही.

उदगिरी
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणेन की भानामतीच्या गोष्टीत शेवटी कुणाकडे तरी बोट दाखवायचं असतं. मोट कुणाचं नाव घेत नाही.

बिलोलीची लेक
आज घेत नाही.

नंदीमागचा
अशा कथांना लावतात तो 'जादुई वास्तववाद' हा शब्द जर्मन कलासमीक्षक फ्रान्झ रो यांनी १९२५ मध्ये वापरला, तोही चित्रांसाठी. त्या चित्रांत भुतंखेतं नव्हती. रोजच्याच वस्तू, पण इतक्या काटेकोर रंगवलेल्या की बघणाऱ्याला त्या अनोळखी वाटाव्यात. म्हणजे जोर जादूवर नव्हता, काटेकोरपणावर होता.
आमच्या औंढा नागनाथच्या देवळाचंच बघा. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन बसले, तर देऊळच फिरलं. ही गोष्ट टिकली कशामुळे? देऊळ फिरलं पण नंदी मागेच राहिला म्हणून. आजही मागेच आहे. ज्यानं ही गोष्ट रचली त्याला कळत होतं की सगळंच फिरवायचं नसतं. उदगिरी, तुमच्या कथेतला नंदी कुठाय? ओल मला पुरेशी वाटत नाही. ओल काय, दवानंही येते.

कोरडवाहू
नंदीवरून आठवलं. मोट वढायला बैल लागतेत. तुमच्या मोटंला बैल कुणाचे?

उदगिरी
कथेत बैल नाहीत. फक्त आवाज आहे.

कोरडवाहू
आन् बोअरला पैसा कुठून आला?

उदगिरी
(बराच वेळ विचार करून लिहितोय.) बैल विकून. देवणी जोडी होती, हाळीच्या बाजारात विकली. हे माझ्या डोक्यात पक्कं होतं, पण कागदावर कुठंच आलं नाही.

कोरडवाहू
मंग तेच लिवा की! बैल विकून बोअर मारला, बोअर गेला कोरडा, आन् आता पहाटं बुजलेल्या विहिरीवर तीच जोडी धावंच्या उतारावर खाली-वर करायली. असं असंल तर वाजू द्या मोट. मी तक्रार करणार नाही. फोनबी ठेवा मात्र.

गोदाकाठ
घ्या, यांनाही जादू चालते.

कोरडवाहू
चालत नाही. बैल चालतेत.

बिलोलीची लेक
सुनेला ते बैल दिसतात का?

उदगिरी
नाही. पण धणे टाकायच्या आधी ती ओलीतले खूर मोजते. आठ.