मदत हवी आहे: मालवणातली प्रेमकथा, दोन मुलगे, एक रात्र अडली आहे

पानगळ:
नमस्कार मंडळी, तातडीने मदत हवी आहे. दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहितोय. दोन मुलगे, मालवण, प्रेम. पंचवीस पानं झाली आणि मधल्या प्रसंगावर गाडी रुतली आहे. पावसाळी रात्र. दोघं सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलेत, परतीची शेवटची होडी चुकते, रात्रभर तिथेच अडकतात आणि पहिल्यांदा एकमेकांजवळ मन मोकळं करतात. हे वाचणाऱ्याला पटेल असं कसं लिहू? किल्ल्यात रात्री आसऱ्याला जागा कुठे आहे? रविवारी संपादकांना द्यायची आहे, तेव्हा कृपया मुद्द्याचंच सांगा. आधी वाचन वाढवा वगैरे सल्ले नकोत.

रापणकरी:
पावसाळी म्हणजे खंयचो महिनो?

पानगळ:
जून. त्याने काय फरक पडतो? धो धो पाऊस हवा आहे.

रापणकरी:
फरक पडता. जूनात किल्ल्यार होडी सोडणत नाय. मे संपता संपता बंद होते ती गणपतीच्या आगेमागे सुरू होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकलेल्या असतात. आणि इतर महिन्यांतही शेवटची होडी अशी सहजासहजी चुकत नाही. होडीवाला आपली माणसं तासाभराने परत न्यायला येतो. माणूस कमी असेल तर हाका मारतो. त्यातून कोणी राहिलाच, तर किल्ल्यात घरं आहेत, माणसं राहतात. कोणीतरी भाकरी वाढील आणि बापाचं नाव विचारील. एकांत खंयचो?

भटक्या७७:
विषय निघालाच आहे तर विचारतो. मालवणला जायला कुडाळला उतरावं की कणकवलीला? आम्ही सहाजण आहोत, दोन ज्येष्ठ नागरिक.

मंजिरी_ठाणे:
@पानगळ, कथा कोणत्या वर्षातली आहे? दोघांतला मालवणचा कोण आणि बाहेरचा कोण? हे कळल्याशिवाय काय सांगणार? आणि एक कळकळीची विनंती, शेवटी कोणाला मारू नका. अशा कथांत एकजण समुद्रात जातो नाहीतर एकाचं लग्न लागतं आणि दुसरा वरातीकडे बघत उभा राहतो. मी वाचक म्हणून थकले आहे. दोघांना एकत्र जेवताना दाखवा.

पानगळ:
शेवट ठरलेला आहे, कोणी मरत नाही. वर्ष लिहिलेलं नाही, हल्लीचंच समजा. एक मालवणचा, घरची होडी आहे. दुसरा मुंबईहून आजोबांच्या घरी आलाय. मालवणच्या मुलाच्या काकाला कळतं आणि तो "३७७ खाली आत टाकीन" (समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम) अशी धमकी देतो. पण मी त्याबद्दल विचारलेलंच नाही. मला रात्र हवी आहे.

काळाकोट:
विचारलेलं नसलं तरी सांगणं भाग आहे, कारण वर्ष न ठरवल्यामुळेच घोळ झाला आहे. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने दिलासा दिला. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दोन प्रौढांमधला संमतीचा खासगी संबंध ३७७ मधून वगळला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. म्हणजे २०१४ च्या कथेतला काका ही धमकी देऊ शकतो. २०१९ च्या कथेत मुलगा त्याला सरळ सांगेल, काका, पेपर वाचा. तिथे काकाचं हत्यार बदलायला हवं: तुझ्या आईला सांगेन, होडीतला तुझा भाग देणार नाही. लग्नाची कायदेशीर वाट १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालातही उघडलेली नाही, तेव्हा शेवटी नोंदणी कार्यालय दाखवू नका.

पानगळ:
बरं, २०२१ धरा. काकाचं बदलतो, होडीतल्या भागाची सूचना चांगली आहे, आभार. आता रात्रीचं कोणी सांगेल का?

जुनाजाणता:
माझा एक विचार ऐका. मालवणच्या मुलाला दशावतारात घाला. स्त्रीपार्ट करणारा. रात्री देवळासमोर नाटक, आयते संवाद, पेट्रोमॅक्सचा उजेड, आणि मुंबईचा मुलगा पुढे बसून बघतोय. रंग उतरवताना दोघं भेटतात. मी तीस वर्षं दशावतार पाहतो आहे, यापेक्षा सुंदर रात्र तुम्हाला मिळणार नाही.

सौम्य_वेंगुर्ला:
सर, आदर राखून सांगतो, हे नको. मी वेंगुर्ल्याचा आहे आणि समलिंगी आहे. पुरुषावर प्रेम करणारा पुरुष म्हटला की त्याला लगेच साडी नेसवायची, हे लहानपणापासून सोसलंय. शाळेत मला याच नावाने हाक मारायचे. होडीवर काम करणारा मुलगा साधा होडीवर काम करणारा राहू द्या.

जुनाजाणता:
मी तसं कुठे म्हटलं? मी कलेबद्दल बोलतोय.

रापणकरी:
कलेबद्दल असात तर माझा पण ऐका. आमच्या वाडीत स्त्रीपार्ट करणारे दोघे आहेत. दोघांचे संसार आहेत, पोरंबाळं आहेत. रात्रभर द्रौपदी करून सकाळी काजूच्या बागेत गडगा घालतात. लोक त्यांका मान देतत. तुम्ही कथेत एकाला तसा दाखवलात की उद्या लोक त्या दोघांकडे बोट करतील. आणि नाटकं पावसात नसतत, कार्तिकापासून पुढे.

शुभ्रा_मुद्रितशोधन:
कथा पाठवण्याआधी स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, तारखेची नोंद राहते. अंकाने परत केली तर ई-बुक काढा, मुखपृष्ठासाठी मी मदत करीन. आणि "समलिंगी" हा एकच शब्द, मध्ये जागा सोडू नका.

सौम्य_वेंगुर्ला:
@पानगळ, तुमचा प्रश्नच मला उलटा वाटतोय. दोन मुलग्यांना रात्र मिळवायला किल्ला, वादळ, चुकलेली होडी काहीही लागत नाही. तारकर्लीला खोली मागायला मुलगा-मुलगी गेले तर आधारकार्ड उलटंपालटं करून बघतील. दोन मुलगे गेले तर "गादी वेगळी घालू?" एवढंच विचारतील. मित्र घरी राहायला आला तर आईच म्हणते, झोपा रे माडीवर दोघं. संशय कोणालाच येत नाही.

कठीण दिवसाचं असतं. गावात कोणाची स्कूटर कोणाच्या खळ्यात किती वेळ उभी होती हे सगळ्यांना माहीत. माझ्या काळ्या स्कूटरचा आरसा तुटला होता, तेवढ्यावरून चुलतीने बाजारात विचारलं होतं, "काल दाभोलीच्या वाटेर काय करी होतंस?" आणि फोनवरचं डेटिंग अॅप. पुण्यात शंभर चेहरे दिसतात. इथे उघडलं की सगळ्यात जवळचा माणूस पंचवीस किलोमीटरवर, कुडाळच्या बाजूला, फोटो नाही. मग एका संध्याकाळी अचानक कोणीतरी ४०० मीटरवर दिसतो. तोही बिनचेहऱ्याचा. तेव्हा आनंद होत नाही, घाम फुटतो, कारण ४०० मीटरमध्ये राहणारा प्रत्येक पुरुष आपल्या ओळखीचा असतो. मी तो फोन बंद करून गादीखाली ठेवला होता.

तुम्ही कधी गावात राहिला आहात का? की बाहेरून कल्पना करून लिहिताय?

पानगळ:
मी स्वतः गे आहे. हे आधी लिहायला हवं होतं, मला वाटलं ते दिसतंच आहे. पण माझं सगळं आयुष्य पुण्यात गेलं. मालवणात चार दिवस होतो, ज्याच्याबरोबर होतो तो आता बोलत नाही. किल्ल्यावर आम्ही दोघं गेलो होतो, तिथल्या साखरबाव विहिरीजवळ बसलो होतो आणि तेवढ्यात होडीवाल्याने हाक मारली. ती हाक आली नसती तर, एवढंच मला लिहायचं होतं. तुमचं ४०० मीटरचं वाचून मघापासून नुसता बसून आहे.

मंजिरी_ठाणे:
मग वादळ घ्या की! २०२१ म्हणालात ना? १६ मे २०२१, तौक्ते. माझं माहेर देवगडकडे. पत्रे उडाले, माड पडले, कित्येक दिवस वीज नव्हती, फोन मेले. कोविडचे निर्बंध असल्यामुळे मुंबईचा मुलगा गावीच असणार. एक घर, एक कंदील, बाहेर वारा. अॅप नाही, स्कूटर नाही, चुलती नाही. याहून खरी रात्र कुठली?

सौम्य_वेंगुर्ला:
वादळ सोयीचं होतं असं माझं मत. वादळात कोणीही कोणाला मिठी मारतो. मग दुसऱ्या दिवशी ते घाबरून होतं म्हणता येतं.

मंजिरी_ठाणे:
मला नाही पटत. माझी आई आणि बाबा वर्षभर अबोल होते, ते तौक्तेच्या रात्री बोलायला लागले, ते आजही बोलतात. संकटातलं खोटं नसतं.

भटक्या७७:
कुडाळ की कणकवली, कोणी सांगेल का?

रापणकरी:
कुडाळ. थयसून मालवणची एसटी मिळता.

@पानगळ, आता माझा ऐक. तुझी रात्र बाजूला ठेव आणि नोव्हेंबरातली सकाळ घे. रापण बघितलीस का कधी? दोराचं एक टोक किनाऱ्यावर धरून ठेवतात. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल फिरते आणि दुसरं टोक घेऊन लांबवर किनाऱ्याला लागते. मग माणसांच्या दोन रांगा, मधे दोन-अडीचशे पावलांचं अंतर. दोर पाठीशी घेऊन मागे मागे चालत वाळूतून वर यायचं, वर पोचलं की सोडून द्यायचा, परत पाण्याकडे जाऊन पुढचा धरायचा. तासन् तास. आणि जाळं जसं जवळ येतं तशा दोन्ही रांगा सरकत सरकत एकमेकांकडे येतात. शेवटी सगळे एकाच ठिकाणी, पाण्यात मांडीभर, जाळ्याभोवती.

एकाक एका दोराक लाव, दुसऱ्याक दुसऱ्या. मुंबईचा नुसता बघत असेल तर कोणीतरी ओरडेलच, "उभो कित्याक? हात लाव मगे!" हात लावला त्याला वाटा मिळतो, मग तो कोणाचा कोण असेना. सगळा गाव बघत असतो आणि कोणालाच काही दिसत नाही.

काळाकोट:
हे फार सुंदर आहे. वीस वर्षं तारकर्लीला जातोय, दोर ओढलाही आहे, रांगा जवळ येतात हे कधी लक्षातच आलं नाही.

जुनाजाणता:
सहमत. दशावताराचा आग्रह सोडतो.

सौम्य_वेंगुर्ला:
मी लहानपणी एकदा समोरच्या रांगेतल्या मुलाकडे बघत होतो म्हणून दोर सुटून तळहात सोलला होता. घरी सांगितलं, ओल्या दोरामुळे. हवं तर घ्या कथेत.

पानगळ:
किल्ल्याची आठ पानं काढून टाकली. रात्रभर बसून हे लिहिलं, मोजकं इथे देतो:

"पहाटेचा खारा वारा अंगाला झोंबत होता. सुरुवातीला तो समोरच्या रांगेत नुसता एक निळा शर्ट होता. मग खांदे दिसायला लागले. मग कपाळावर चिकटलेले केस. दोर हातातून सरकत होता आणि तो मान वर न करता मोजत होता, आता शंभर पावलं, आता साठ. पाण्यात उतरले तेव्हा दोघांच्या मधे फक्त जाळं होतं आणि त्यात बांगडे तडफडत होते. 'हात बघू,' तो म्हणाला. तळहाताचं साल निघालं होतं. त्याने तो समुद्राच्या पाण्यात बुडवून धरला, झोंबत होतं तरी सोडला नाही. वर वाळूत दोघांना आपापला हिस्सा मिळाला."

कुठे चुकलंय ते सांगा. मालवणी संवाद पुढे आहेत, ते कोणी तपासून दिले तर उपकार होतील.

मंजिरी_ठाणे:
वादळ नसलं तरी चालेल. आता कृपया त्यांना ते बांगडे एकत्र खाताना दाखवा.

रापणकरी:
संवाद माका धाड, उद्या सांजपर्यंत बघतंय. दोन चुका आहेत. पहाटे खारा वारा नसतो, तेव्हा वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, मतलई. खारा दुपारी सुटतो. आणि हिस्सा नाय, वाटो. मुंबईच्या पोराकडे पिशवी नसणार, नवखा कधी पिशवी घेऊन येत नाही. दोघांचो वाटो एकाच पिशयेत घाल. कोणच इचारूचो नाय.

पानगळ:
पिशवी केली. वाराही बदलला. संवाद आता धाडतो.