पाणथरीचा रक्तपुरवठा कमी करणारी प्रक्रिया : शस्त्रक्रियेऐवजी करावी का?

प्रश्न : माझ्या वडिलांना यकृताचा सिरोसिस (यकृत कडक व व्रणमय होण्याचा आजार) असून पाणथरी (प्लीहा) बरीच वाढलेली आहे आणि प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) ३२,००० वर आल्या आहेत. पाणथरी काढून टाकण्याऐवजी तिच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अंशतः बंद कराव्यात, म्हणजे ‘पार्शल स्प्लेनिक एम्बोलायझेशन’ करावे, असे डॉक्टरांनी सुचवले आहे. पोट न उघडता हे कसे साधते आणि अंशतःच का करायचे, हे कोणी समजावून सांगू शकेल का?

उत्तर (इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट) : जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून स्थानिक भुलेखाली कॅथेटर (बारीक लवचिक नळी) घालून तो एक्स-रेच्या पडद्यावर पाहत पाणथरीच्या धमनीपर्यंत नेतात आणि तिच्या निवडक शाखांमध्ये सूक्ष्म कण सोडतात. त्या शाखांवर अवलंबून असलेला भाग मृत होऊन पुढे आकसतो, त्यामुळे प्लेटलेट अडकवून ठेवणारी जागाच कमी होते. १९७० च्या दशकात सुरुवातीला संपूर्ण पाणथरी बंद करण्यात आली, तेव्हा गळू आणि गंभीर जंतुसंसर्ग झाले. अंशतः करण्याची पद्धत त्यातूनच रूढ झाली. साधारणपणे ५० ते ७० टक्के भाग बंद करण्याचे उद्दिष्ट असते, कारण त्यापुढे गुंतागुंतीचा धोका स्पष्टपणे वाढतो. अपघातात फाटलेल्या पाणथरीसाठी मुख्य धमनीतच कॉइल (तारेचे बारीक वेटोळे) बसवतात, तो प्रकार वेगळा : तिथे आतला दाब उतरवायचा असतो आणि जठराकडून येणाऱ्या छोट्या वाहिन्या पाणथरीला जिवंत ठेवतात. आपल्या वडिलांच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही.

उत्तर (रुग्णाची मुलगी) : माझ्या आईची ही प्रक्रिया झाली आहे. त्यानंतर डाव्या बरगडीखाली चांगलेच दुखत होते, ताप येत-जात होता आणि अन्नावर वासना नव्हती. हे अपेक्षितच असते, असे आधी सांगितलेले असल्यामुळे आम्ही घाबरलो नाही. मात्र ताप वाढतच राहिला किंवा धाप लागली तर घरी थांबू नये, अशी ताकीदही मिळाली होती. प्लेटलेट पहिल्या दोन आठवड्यांत झपाट्याने चढल्या, नंतर थोड्या उतरून स्थिरावल्या.

प्रश्नकर्ता : म्हणजे प्लेटलेट कायमच्या पूर्ववत होतील, असे समजावे का?

उत्तर (इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट) : तसे गृहीत धरू नये. प्लेटलेट तयार करण्याचा संदेश देणारे थ्रोम्बोपोएटिन मुख्यतः यकृतात बनते आणि सिरोसिसमध्ये तेच कमी पडते, शिवाय उरलेली पाणथरी पुन्हा वाढू शकते. जलोदर (पोटात पाणी साठणे) किंवा कावीळ असल्यास धोका वाढतो, म्हणून ती माहिती डॉक्टरांपासून सुटू देऊ नका. पोर्टल शिरेत (आतडी व पाणथरीकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत) गुठळी नाही ना, हे डॉप्लर तपासणीत (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) आधी पाहून घ्यावे आणि प्रक्रियेनंतरही पुन्हा तपासावे. न्यूमोकॉकस या जिवाणूविरोधी व इतर आवश्यक लसी शक्यतो दोन आठवडे आधी द्याव्यात, तेव्हा तारीख ठरवण्यापूर्वीच लसींचे विचारा.